माईणकर सरांची स्तुती

"बाई, सरांचं अन् तुमचं काय वाजलंय का?"

मधल्या सुट्टीत लाड क्लार्क शिक्षकखोलीत आले, तेव्हा मी डबा उघडत होते. त्यांच्या हातात टाइप केलेला कागद होता आणि चेहरा मयतीला जाऊन आल्यासारखा.

"नाही. का हो?"

"मग हे काय?" त्यांनी कागद माझ्या डब्याशेजारी ठेवला. "सकाळी मीच टाइप केलं. बोटं चालंनात बघा."

माझ्या बदलीच्या अर्जासोबत जायचं शिफारसपत्र होतं ते, मुख्याध्यापक माईणकर सरांनी लिहिलेलं. श्रीमती रोहिणी जंगम या अत्यंत कर्तव्यदक्ष शिक्षिका आहेत. गणितासारखा विषय त्या मुलांना गोडीने शिकवतात. स्वभावाने मनमिळाऊ आहेत. शाळेच्या प्रत्येक उपक्रमात पुढाकार घेतात. आणि शेवटच्या ओळीत, त्यांचे व्यक्तिमत्त्व अष्टपैलू आहे.

माझी भूकच मेली. मी डबा बंद केला.

बाहेरच्या माणसाला यात जेवण सोडण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. आमच्या संस्थेच्या शाळा सातारा-सांगलीकडे विखुरलेल्या होत्या. मी होते ती सावर्डीची शाळा, वारणेच्या काठी, जिथे एसटीसुद्धा कंटाळत यायची. एका शाळेतून दुसरीत बदली हवी असेल, तर आपल्या मुख्याध्यापकांची शिफारस लागायची आणि तिकडच्या मुख्याध्यापकांची पसंती. माईणकर सरांची याबाबतीत स्वतःची एक पद्धत होती. जे माणूस हातचं जाऊ नये असं वाटे, त्याच्याबद्दल ते एकच ओळ लिहीत, 'काम समाधानकारक आहे'. तेवढ्यावर कोण कुणाला नेणार? ते माणूस सावर्डीतच राही. आणि ज्याच्यापासून सुटका हवी, त्याच्यावर स्तुतीचा पाऊस.

आमचे पीटीचे डुबल सर मुलांना मैदानावर सोडून चिंचेखाली झोपायचे. एकदा शाळा सुटली, गावात दिवेलागण झाली, तरी ते तिथेच. त्यांना सरांनी 'अष्टपैलू' म्हणून कराडला पाठवलं. गोसावी बाईंचं शाळेत कुणाशी म्हणून पटत नव्हतं, पोस्टमनशीसुद्धा नाही. त्या 'मनमिळाऊ' म्हणून गेल्या, त्याही कराडलाच. सरांनी तुमचं कौतुक केलं की ट्रंक भरायला घ्या, असं आम्ही शिक्षकखोलीत म्हणायचो आणि पोट धरून हसायचो.

आता मला हसू येत नव्हतं. कारण मला कराडच हवं होतं आणि कराडच्या मुख्याध्यापिका तारळेकर बाई एव्हाना शहाण्या झाल्या होत्या. सावर्डीचं कौतुक आलं की त्या तो अर्ज बाजूला सारतात, हे आमच्याही कानावर आलं होतं. तिथे गणिताची एकच जागा रिकामी होणार होती. ती गेली असती तर पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं.

माझं घर कराडात होतं. ह्यांची नोकरी तिथल्या टेलिफोन खात्यात, सासूबाई तिथे आणि माझी गौरीही तिथेच, सासूबाईंपाशी. मी सावर्डीत खोली घेऊन राहायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारची एसटी पकडायची आणि सोमवारी उजाडता परत यायचं. गौरी अडीच वर्षांची झाली होती.

"तुम्ही काय केलंत वो असं?" लाड अजून उभेच होते. "सर एवढे चिडले म्हणजे कायतरी असंल."

मी कागद घेतला आणि तशीच सरांच्या खोलीत गेले.

माईणकर सर अंगानं आडवे, डोक्यावर विरळ केस, गळ्यात उन्हाळा-हिवाळा उपरणं. विषय इतिहास. टेबलाच्या वरच्या खणात भाजलेल्या शेंगा असायच्या. माणूस आत आलं की खण किती उघडतो यावरून सरांचा रंग कळायचा. त्या दिवशी खण पुरता उघडला.

"घ्या बाई."

"सर, माझं काही चुकलं का?"

"तुमचं? छे. का?"

"हे पत्र."

"आवडलं नाही?"

"सर, यात तुम्ही मला अष्टपैलू म्हटलंय."

"आहातच तुम्ही."

"डुबल सरही होते."

शेंग सोलणारा त्यांचा हात थांबला. 

"तुम्हा लोकांना ठाऊक आहे वाटतं हे."

"सर, घंटा देणाऱ्या शिपायालासुद्धा ठाऊक आहे."

त्यांनी दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "डुबलांबद्दल लिहिलं ते लिहिलं. तुमच्याबद्दल मात्र शब्द अन् शब्द खरा आहे. सही करताना मला बरं वाटलं."

ते खरंच बोलत होते, हे तोंडाकडे बघून कळत होतं. त्यानं मला जास्तच रडू यायला लागलं.

"खरा असून काय उपयोग, सर? तारळेकर बाई तो डुबल सरांसारखाच वाचणार."

"मग काय लिहू? काम समाधानकारक?"

"त्यावर मला कोण घेईल?"

"म्हणजे स्तुती नको आणि साधंही नको. मग उरलं काय?"

पुढचं वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाच ठाऊक नव्हतं. "वाईट लिहा."

"काय?"

"माझ्याबद्दल वाईट लिहा, सर. तुम्ही नावं ठेवलीत, तर बाईंना वाटेल, माईणकर हिला सोडायला तयार नाहीत. तुम्ही ज्याला सोडत नाही, त्याला त्या ओढून नेतील."

गणितात बसत होतं ते. पण सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खण बंद केला.

"मी तुमची निंदा करू? चार वर्षं तुम्ही इथे राबलात, आणि मी सही करून निंदा करू? जमायचं नाही. पत्र आहे तेच जाईल."

"सर, माझी मुलगी मला एसटीतली आई म्हणते."

हे सांगायचं मी ठरवलं नव्हतं. पण सुरुवात झाली, मग थांबता येईना. "परवा शेजारच्या काकूंनी तिला विचारलं, आई कुठंय गं तुझी? ती म्हणाली, आई एसटीत असते. तिला वाटतं मी तिथेच राहते. शनिवारी एसटी मला आणून सोडते आणि सोमवारी घेऊन जाते. ती रडतसुद्धा नाही, सर. सवय झाली तिला."

मी पदराने डोळे पुसले. सर खिडकीबाहेर बघत बसले. सुट्टी संपली होती, बाहेर पाचवीची मुलं पाढे म्हणायला लागली होती. मग त्यांनी खण पुन्हा उघडला आणि मूठभर शेंगा माझ्यापुढे ठेवल्या.

"एक सांगतो. स्तुतीत थोडं खोटं खपतं, बाई. लग्नाच्या पत्रिकेत नाही का आपण सगळ्यांनाच श्रीमंत म्हणत? पण खोटी निंदा माझ्या हातून होणार नाही. खरे दोष सापडले, तर लिहीन."

"शोधा ना, सर."

"उद्यापासून तुमच्या तासाला मागे बसतो."

मी रात्री अंथरुणावर पडून विचार करत राहिले, उद्या काय काय चुकवावं. सकाळी मुद्दाम उशिरा निघाले. प्रार्थना संपून मुलं वर्गात गेल्यावर फाटकातून शिरले, तर सर दारातच.

"ही चूक धरत नाही," ते म्हणाले. "मुद्दाम केलेली आहे."

आठवीच्या वर्गात ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाक लहान, सर मोठे. गुडघे पोटाशी घेऊन बसलेले सर पाहून मुलं खुसखुसली, मग चिडीचूप झाली. मी मनाशी म्हटलं होतं, आज बेरीज चुकवायची, फळ्यावर गचाळ लिहायचं, एखाद्याला उगाच ओरडायचं. पण खडू हातात आला आणि ते सगळं विसरूनच गेले. चक्रवाढ व्याज मी इतकं छान कधीच शिकवलं नव्हतं. तास संपल्यावर मी स्वतःवरच चरफडले. सर उठून गेले.

ते दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. शनिवारी आले तेव्हा तर त्यांनी सोबत उशी आणली होती. शाळेत कुजबुज सुरू झाली. लाड मला जिन्यात गाठून म्हणाले, "बाई, पाय धरा सरांचे. एवढं मनावर घेतलेलं मी त्यांना कधी बघितलं नाही."

सोमवारी एसटीतून उतरले ती थेट सरांच्या खोलीत गेले. त्यांनी मसुदा तयार ठेवला होता. चष्मा लावून वाचायला लागले.

"श्रीमती जंगम प्रश्न विचारतात, पण उत्तराची वाट पाहत नाहीत. स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात."

"सर, वाट बघत बसलं तर अभ्यासक्रम कसा संपेल?"

"मागच्या बाकांवरच्या मुलांकडे त्यांचे लक्ष नसते."

आता मात्र मला राग आला. निंदा मीच मागितली होती हे विसरून मी भांडायला उभी राहिले. "हे कुणी सांगितलं? मला वर्गातलं प्रत्येक मूल ठाऊक आहे."

"शेवटच्या बाकावर खिडकीशी बसते ती कोण?"

"पाटील."

"कुठली पाटील? निम्मा वर्ग पाटलांचा आहे."

मी तिचं पहिलं नाव आठवून बघितलं, येईना.

"सुरेखा," सर म्हणाले. "मी तिच्याशेजारीच बसत होतो. तिला उत्तर येतं, बाई. मनातल्या मनात मांडते आणि बरोबर काढते. वेळ लागतो जरा. ती हात वर करेपर्यंत तुम्ही फळ्यावर लिहून पुसलेलंसुद्धा असतं."

सरांनी माझ्याकडे न बघता शेवटची ओळ वाचली.

"शनिवारी तिसऱ्या तासापासून त्या वर्गात उभ्या असतात, पण सावर्डीत नसतात."

मी खुर्चीवर बसले. शनिवारी तिसऱ्या तासाला माझ्या डोक्यात काय असतं, ते मला ठाऊक होतं. पिशवी भरली का, एसटी वेळेवर येईल का, गौरी जागी असेल का.

"हे खरं आहे का? नसेल तर खोडतो."

"खरं आहे, सर."

त्यांनी सही केली. स्तुतीवर करायचे तशी लफ्फेदार नाही, साधी.

लाडांनी ते पत्र टाइप केलं, तेव्हा टाइपरायटर कसा खणखणत होता. संध्याकाळी ते मुद्दाम शिक्षकखोलीत आले. "अभिनंदन, बाई. लई वाईट लिहिलंय. आता तुम्हाला कुणी हलवत नाही हितनं."

त्यांना समजावून सांगण्याचं त्राण माझ्यात नव्हतं.

वार्षिक परीक्षा चालू असताना तारळेकर बाईंचं बोलावणं आलं, तशी मी कराडच्या शाळेत गेले. बाई बुटक्या, किडकिडीत, आणि आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावर पोचेल असा. माझा अर्ज त्यांच्यासमोर होता, त्यावर सरांचं पत्र. मी नमस्कार केला तरी त्यांनी मान वर केली नाही.

"बरंच वाईट लिहिलंय तुमच्याबद्दल."

"हो."

"वाचलंय तुम्ही?"

"सरांनी वाचून दाखवलं."

आता त्यांनी मान वर केली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"भांडले. मग कळलं की खरं आहे."

"शनिवारी कुठे असता?"

"इथे," मी म्हटलं. "मुलगी इथे आहे माझी."

त्यांचं बोट पत्रातल्या वरच्या ओळीवर गेलं. "मागच्या बाकावरच्या मुलांची नावं?"

"आता सगळी येतात. एक सुरेखा म्हणून आहे, तिला प्रश्न विचारला की मी खिडकीपाशी जाऊन उभी राहते. म्हणजे फळ्यावर हात जात नाही. ती उत्तर देते."

तारळेकर बाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसल्या असाव्यात. पत्र उचलून त्यांनी उन्हाकडे धरलं, नोट खरी की खोटी बघावी तसं.

"डुबलांना पाठवताना माईणकर एकदाही मैदानात गेले नसतील. आणि हे लिहायला ते तुमच्या वर्गात बसले. एका तासात हे कळत नाही, चांगले तीन-चार दिवस बसले असतील. ज्या शिक्षिकेसाठी तो आडवा माणूस मागच्या बाकावर चार दिवस बसतो, ती मला हवी. जूनपासून या."

मी उगाच म्हटलं, "सरांनी आधी चांगलं लिहिलं होतं."

"कधी?"

"फेब्रुवारीत. ते पाठवलं नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फेब्रुवारीत? मी तर त्यांना संस्थेच्या दिवाळीच्या सभेतच तोंडावर सांगितलं होतं. म्हटलं, माईणकर, यापुढे तुमच्याकडून एक जरी कौतुकाचं पत्र आलं, तर त्या माणसाचा अर्ज मी उघडणारसुद्धा नाही. मान खाली घालून ऐकून घेतलं त्यांनी."

एसटीत बसून मी हिशेब मांडला. दिवाळी आधी, फेब्रुवारी नंतर. सरांना सगळं ठाऊक होतं. ते पत्र कराडला पोचलं की मी सावर्डीतच राहणार, हे सही करताना त्यांना माहीत होतं. 'तुम्हा लोकांना ठाऊक आहे वाटतं' म्हणून काय भोळा चेहरा केला होता त्यांनी. मला इतका संताप आला, की शेजारच्या बाईनं आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

हा संताप मी एक मेपर्यंत जपून ठेवला. निकाल वाटून झाले, मुलं घरी गेली, आणि मी कार्यमुक्तीचा कागद घ्यायला सरांच्या खोलीत गेले. खण अर्धाच उघडा होता.

"सर, दिवाळीत तारळेकर बाई तुम्हाला काय म्हणाल्या होत्या?"

ते शेंग सोलत राहिले. "सांगितलं वाटतं त्यांनी."

"म्हणजे ते पहिलं पत्र..."

"खरं होतं. शब्द अन् शब्द."

"खरं होतं, पण मी जाऊ नये म्हणून लिहिलेलं होतं."

"हो," सर म्हणाले.

इतक्या सरळ 'हो'वर काय बोलायचं ते मी ठरवून आले नव्हते.

"गणिताला माणूस मिळत नाही हो, बाई. तुम्ही यायच्या आधी दोन वर्षं मीच गणित शिकवत होतो. मी इतिहासाचा माणूस. त्या पोरांचे हाल माझ्या डोळ्यांनी बघितलेत मी. तुमच्या वर्गावरून जाताना थांबायचो तेव्हा वाटायचं, हे सुटू नये हातचं." त्यांनी टरफलं गोळा करून कागदावर ठेवली. "म्हणून मग खोटं लिहिण्यापेक्षा खरंच लिहून टाकलं."

"मग दुसरं का लिहिलंत?"

"तुम्ही ते एसटीचं सांगितलंत." सरांनी उपरण्यानं चष्मा पुसला, मग डोळेही पुसले. "सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं."

माझा जपून ठेवलेला संताप कुठे गेला ते मला कळलं नाही. मी वाकून नमस्कार केला. सरांनी खालचा खण उघडला आणि एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. ते पहिलं पत्र होतं, लफ्फेदार सहीचं.

"हे तुम्ही ठेवा. पण कुठे देऊ नका. माझी सही बघून त्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही."

आम्ही दोघंही हसलो. बाहेर लाड उभे होते. सरांनी एवढं लिहूनही कराडनं मला घेतलं कसं, हे कोडं त्यांना निवृत्त होईपर्यंत सुटलं नाही.

त्या वर्षी सावर्डीला गणिताचं माणूस मिळालं नाही. सरांनीच ते तास घेतले. त्यांची पोस्टकार्डं यायची. शेकडेवारी कशी सांगता ते कळवा, सुरेखाला आली पण मला येत नाही. मी रविवारी बसून सविस्तर उत्तर लिहायचे, सोडवलेली उदाहरणं घालून. पुढच्या जूनमध्ये त्यांना कुणीतरी मिळालं, तेव्हा शेवटचं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं, माणूस बरा आहे, मागच्या बाकावर बसून पाहिले.

पण कराडचं म्हणून मला आठवतो तो तिथला पहिला शनिवार. सकाळची शाळा होती. तिसऱ्या तासाला सवयीनं माझी नजर घड्याळाकडे गेली, आणि मग मला आठवलं की कुठली एसटी पकडायची नाही. मी मागच्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्यानं बराच वेळ घेतला. मला घाई नव्हती.

शाळा सुटल्यावर चालतच घरी आले. कोपऱ्यावर होते, तेव्हा गौरी ओट्यावर बसून बाहुलीला फडकं गुंडाळत होती. शेजारच्या काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांना मी दिसले नव्हते.

"गौरे, आई कुठंय गं तुझी?"

"शाळेत गेलीय," गौरी म्हणाली. "येईल आता."

तिनं बाहुलीवरून मानसुद्धा वर केली नाही.